बारास एक कॉम्प्रेशन आणि शंभरचं पेट्रोल

पत्राचा सारांश: कराडजवळच्या एका वाचकाने गेल्या दिवाळीत २०१९ची एक बाइक सेकंडहँड घेतली. इंजिन ३७३ सीसीचं, एकच सिलिंडर, लिक्विड-कूल्ड, कॉम्प्रेशन रेशो १२:१, म्हणजे पिस्टन मिश्रण बारा पट दाबतो. घेतली तेव्हा मीटरवर ३१,००० किलोमीटर होते, आता ३८,००० झालेत. सासुरवाडी चिपळूणची, त्यामुळे महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट ठरलेला. मार्चपासून चिपळूणहून परतताना, मागे पत्नी आणि दोन्ही बाजूंना बॅगा असताना, घाटाच्या चढावर इंजिनातून टिणटिण आवाज येतो. सपाटीला येत नाही. मित्रांचं म्हणणं, एवढ्या कॉम्प्रेशनला शंभर ऑक्टेनच लागतं. मेकॅनिक म्हणतो, ऑक्टेन बूस्टरची बाटली टाका. मॅन्युअलमध्ये मात्र ९१ लिहिलं आहे. शिवाय ई-२० ची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, धास्ती आहेच. एकदा पुण्याहून शंभरच्या पेट्रोलने टाकी भरून आणली, तेव्हा त्या खेपेला घाटात आवाज आला नाही. वाचक विचारतात: "म्हणजे माझ्या गाडीला शंभरच हवं ना? इतके दिवस साधं पेट्रोल भरून मी इंजिन खराब केलं का? आणि शंभरच भरायचं असेल, तर पातळ हेड गॅस्केट टाकून थोडी ताकदही वाढवून घेऊ का?"

नमस्कार.

शंभरचं पेट्रोल भरून तुम्ही नकळत एक चांगली चाचणी करून टाकलीत. टॅपेट सैल असते किंवा टायमिंग चेन ढिली असती, तर आवाज पेट्रोल बदलून गेला नसता. टॅपेटचा आवाज गाडी उभी असतानाही येतो आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो. पिस्टनचा आवाज थंड इंजिनाला येतो आणि गरम झालं की विरतो. तुमचा आवाज फक्त लोडवर येतो, पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवल्यासारखा, आणि रेस थोडी सोडली की लगेच थांबतो. हे नॉकिंगच आहे, यात शंका नको.

पण त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढलात तो मला मान्य नाही. तापाच्या गोळीने ताप उतरला, म्हणून अंगात त्या गोळीची कमतरता होती असं आपण म्हणत नाही. शंभरच्या पेट्रोलने नॉकिंग दाबलं. ते का झालं, हा प्रश्न तसाच राहिला. तुमच्याच पत्रातली एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: "मार्चपासून." नोव्हेंबर ते फेब्रुवारी हीच गाडी, हाच घाट, एवढंच सामान आणि बहुधा हेच पेट्रोल होतं, तरी आवाज नव्हता. कॉम्प्रेशन तेव्हाही १२:१ होतं. मग मार्चमध्ये बदललं काय?

ते शोधायचं तर आत काय घडतं ते थोडं पाहावं लागेल. प्लगने ठिणगी टाकली की ज्वाला मध्यापासून कडेकडे पसरत जाते. ती पोहोचेपर्यंत कडेचं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं आणि तापतं. ज्वाला वेळेत पोहोचली तर सगळं शांतपणे जळतं. त्याआधीच ते कडेचं मिश्रण स्वतःहून भडकलं, तर दाबाची लाट उठते आणि हेडवर, पिस्टनवर, सिलिंडरवर आपटते. तोच टिणटिण आवाज. ऑक्टेन म्हणजे असं स्वतःहून भडकायला पेट्रोल किती विरोध करतं त्याचं माप. आयसोऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० धरून, एका ठरावीक चाचणी-इंजिनावर तुलना करून हा आकडा काढतात. त्यात ताकद मोजलेली नसते. ज्या इंजिनात नॉकिंग होतच नाही, त्याला ९१ ऐवजी १०० पाजलं तर त्याला काही मिळत नाही. तुमच्या वर्गातल्या बहुतेक एक-सिलिंडर बाइकना नॉक सेन्सरही नसतो. तेव्हा चांगलं पेट्रोल आलं हे ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कंप्युटरला) कळणार नाही आणि तो त्याचा फायदाही घेणार नाही.

आता १२:१ या आकड्याकडे येऊ. "एवढ्या कॉम्प्रेशनला एवढं ऑक्टेन" असा कोष्टकातला हिशोब कार्ब्युरेटरच्या, हवेने थंड होणाऱ्या जुन्या इंजिनांच्या काळात बऱ्यापैकी चालायचा. आता चालत नाही. माझ्दाने २०११ मध्ये जपानात डेमिओ ही छोटी गाडी १४:१ कॉम्प्रेशनने आणली आणि ती तिथल्या साध्या पेट्रोलवर चालली. थेट सिलिंडरमध्ये उडणाऱ्या पेट्रोलने मिश्रण थंड ठेवणं, व्हॉल्व्ह उशिरा बंद करणं, अशा उपायांनी ते जमलं. टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांचा १३:१ हा आकडाही असाच फसवा. त्यांचा इनटेक व्हॉल्व्ह इतका उशिरा बंद होतो की प्रत्यक्षात दाबलं जाणारं मिश्रण बरंच कमी असतं. उलट एखाद्या टर्बो कारचं कॉम्प्रेशन १०:१ असेल, पण टर्बो आधीच दाबलेली हवा आत ढकलतो, म्हणून तिला तुमच्या बाइकपेक्षा जास्त ऑक्टेन लागू शकतं. पेट्रोलची गरज कॉम्प्रेशन, टायमिंग (ठिणगीची वेळ), थंडावा, बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि मिश्रण मिळून ठरवतात. हे सगळं जुळवून कंपनीने जो एक आकडा काढला तो मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. तो निवडीचा पाया.

तरीही एक खात्री करून घ्या. तुम्ही वाचलेलं मॅन्युअल गाडीबरोबर आलेलं भारतीय आहे, की इंटरनेटवरून उतरवलेलं अमेरिकन? सेकंडहँड गाडीबरोबर पुस्तिका क्वचितच मिळते, म्हणून विचारतो. आपल्याकडचा आकडा रिसर्च ऑक्टेन नंबर असतो, त्याला रॉन म्हणतात. अमेरिकेत पंपावर रॉन आणि मॉन (मोटर ऑक्टेन नंबर) या दोन आकड्यांची सरासरी लिहितात आणि ती रॉनपेक्षा चार-पाचने कमी येते. तिकडचं ८७ म्हणजे आपलं ९१-९२, आणि तिकडचं ९१ म्हणजे आपलं ९५-९६. अमेरिकन पुस्तिकेतलं ९१ आपल्या पंपावरचं ९१ समजून भरलं, तर खरोखरच ऑक्टेन कमी पडेल. अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी हे उलट बाजूने लक्षात ठेवावं; भारतातून कुणी "९५ भर" म्हणालं, तर तिकडे ९१ पुरतं. दुबईत मात्र पंपावरचे ९१, ९५, ९८ हे आपल्यासारखेच रॉन आहेत.

तुमचं ९१ भारतीय पुस्तिकेतलं आहे असं धरून पुढे जातो. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जो खुलासा केला, त्यात म्हटलं होतं की एके काळी देशात ८८ रॉनचं पेट्रोल विकलं जायचं, बीएस-६ मध्ये साधं पेट्रोल ९१ झालं, आणि आता २० टक्के इथेनॉलमुळे ते ९५ वर गेलं. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८च्या आसपास असतो आणि बाष्प होताना ते पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता शोषतं. म्हणजे ज्या ई-२० ला तुम्ही घाबरता, ते नॉकिंगच्या बाबतीत तुमच्या बाजूचं आहे. तुमची गाडी ९१ मागते आणि तुम्ही बहुधा त्याहून वरचंच भरता, तरी ती नॉक करते. मग कमतरता पेट्रोलची आहे असं धरून शंभरच्या मागे लागण्यात काय अर्थ?

कारणांकडे. पहिलं कारण फुकट तपासता येतं, म्हणून त्यापासून सुरुवात करा. आवाज येतो तेव्हा तुम्ही कितव्या गिअरमध्ये असता? सामान आणि पिलियन घेऊन पाचव्यात ३,००० फेऱ्यांवर चढ ओढत असाल, तर कडेच्या मिश्रणाला तापत बसायला भरपूर वेळ मिळतो. फेऱ्या वाढल्या की तो वेळ घटतो. म्हणून गिअर पाडा, ४,५०० ते ५,५०० फेऱ्या राखा आणि रेस पूर्ण पिळण्याऐवजी अर्धीच द्या. कमी फेऱ्यांवर पूर्ण रेस हा नॉकिंगचा हुकमी रस्ता आहे. पेट्रोल वाचवायला म्हणून अनेक जण वरच्या गिअरमध्ये चढ ओढतात. त्यात पेट्रोलही वाचत नाही आणि पिस्टनही सोसतो.

दुसरं कारण गरमी, आणि "मार्चपासून" याचं अर्धं उत्तर तिथे आहे. चिपळूणची मार्च-एप्रिलची दुपार आणि जानेवारीची सकाळ यांत आत येणाऱ्या हवेच्या तापमानात सहज पंधरा अंशांचा फरक पडतो. हवा जितकी गरम सुरू होते, दाबल्यावर तितकी आणखी तापते. त्यात आधीच्या पावसाळ्यांचा चिखल रेडिएटरच्या जाळीत सुकून बसला असेल तर शीतकच (कूलंट) नीट थंड होत नाही. जाळी मागच्या बाजूने, म्हणजे इंजिनाकडून बाहेर, साध्या पाइपच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर लावला तर पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते. शीतक कधी बदललं ते माहीत नसेल तर बदला. आधीच्या मालकाने नुसतं पाणी घातलेलं निघालं तर नवल वाटू देऊ नका. तयार मिश्रण घ्या, किंवा ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मंनिम्मं. पंखा फिरतो का ते गाडी उभी करून, तापवून पाहा.

तिसरं कारण मला तुमच्या बाबतीत सगळ्यात संशयास्पद वाटतं: कार्बन. जरा आकडेमोड करू. तुमच्या सिलिंडरची क्षमता ३७३ सीसी आणि कॉम्प्रेशन १२:१. म्हणजे पिस्टन वर गेल्यावर उरणारी जागा ३७३ भागिले ११, साधारण ३३.९ सीसी. चहाचे जेमतेम सात चमचे. या जागेत फक्त १ सीसी कार्बन साचला, तर कॉम्प्रेशन १२:१ राहत नाही, १२.३३ होतं. २ सीसी साचला तर १२.७. आणि १ सीसी म्हणजे किती? पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडमध्ये सगळीकडे पसरलेला, वहीच्या कागदाएवढा जाड थर. मॅन्युअलमधला आकडा नव्या, स्वच्छ इंजिनाचा असतो. शिवाय हा थर उष्णता अडवून धरतो, त्यामुळे मिश्रण आणखी तापतं. तुम्ही म्हणता कॉम्प्रेशन जास्त आहे म्हणून नॉकिंग होतं. मला वाटतं, कॉम्प्रेशन कंपनीने ठेवलं होतं त्याहून जास्त झालंय.

हे डोळ्यांनी पाहता येतं. फोनला जोडता येणारा बारीक कॅमेरा, ज्याला बोअरस्कोप म्हणतात, बऱ्याच गॅरेजमध्ये असतो. इंजिन थंड असताना प्लग काढायचा, पिस्टन थोडा खाली आणायचा आणि प्लगच्या छिद्रातून पाहायचं. माथ्यावर हलका तपकिरी रंग असेल आणि मधूनमधून धातू दिसत असेल, तर ठीक. डांबरासारखा काळा, खरबरीत, भेगा पडलेला थर असेल, तर साफसफाई हवी. आत थेट फवारण्याचं फेसाळ डीकार्बन द्रव मिळतं. ते बाटलीवर सांगितलेल्या वेळेएवढं मुरवून बाहेर काढून टाकायचं, आणि नंतर इंजिन ऑइल बदलायलाच हवं, कारण थोडं द्रव रिंगांमधून ऑइलमध्ये उतरतंच. सौम्य उपाय हवा असेल, तर पॉलिइथरअमाइन असलेलं फ्युएल क्लीनर दोन टाक्या वापरून पाहा. त्याचा परिणाम सावकाश होतो. हेड उघडून खरवडण्याची घाई नको. गाडी ऑइल खात असेल तरच तिथवर जा. ऑइल खात असेल तर व्हॉल्व्हची सीलं तपासून घ्या, कारण आत झिरपणाऱ्या ऑइलनेच कार्बन बनतो आणि ऑइलची वाफ मिसळली की मिश्रणाचा ऑक्टेनही घसरतो.

प्लग काढलेलाच आहे, तर तो उन्हात नेऊन नीट पाहा, शक्यतो भिंगाखाली. मधल्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड शिंपडल्यासारखे बारीक काळे किंवा चमकणारे रुपेरी ठिपके दिसतात का? काळे ठिपके नॉकिंगची खूण. रुपेरी दिसले तर पिस्टनचं ॲल्युमिनियम उडू लागलंय, आणि तेव्हा गाडी घाटात न्यायची नाही. प्लगवरचा नंबर कंपनीने सांगितलेलाच आहे ना, तेही पाहा. एनजीकेमध्ये हीट रेंजचा आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. बॉशमध्ये नेमकं उलटं. दुकानात "हाच लागतो साहेब" म्हणून दिलेला प्लग एक पायरी गरम निघाला, तर त्याचं टोक लाल होऊन मिश्रण ठिणगीआधीच पेटवू शकतं. आणि प्लग सैल बसलेला असला तरी तसंच होतं, कारण त्याची उष्णता हेडमध्ये उतरायची वाट आटे आणि वॉशरमधूनच जाते.

चौथं कारण मिश्रण कोरडं पडणं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी होणं, ज्याला मेकॅनिक लीन म्हणतात. इथे ई-२० बद्दलच्या तुमच्या धास्तीत थोडं तथ्य आहे. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलला एका भागामागे वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ भाग, आणि ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे ई-२० जास्त प्रमाणात उडवावं लागतं. शांतपणे चालवताना ऑक्सिजन सेन्सर हे सांभाळून घेतो. पण पूर्ण रेस दिली की बहुतेक बाइकचा ईसीयू सेन्सरकडे पाहत नाही, पाठ केलेल्या नकाशाप्रमाणे, म्हणजे कंपनीने भरलेल्या कोष्टकाप्रमाणे, पेट्रोल सोडतो, आणि २०१९चा नकाशा ई-२० साठी लिहिलेला नाही. ई-२० साठी ट्यून केलेली इंजिनं आपल्याकडे एप्रिल २०२५ पासूनची. तरी नुसत्या या कारणाने निरोगी इंजिन नॉक करू नये, कारण वाढलेला ऑक्टेन आणि थंडावा त्याची भरपाई करतात. आधीच कोरड्या मिश्रणात भर पडली तर मात्र नॉकिंग होईल. म्हणून पुढचं तपासा: थ्रॉटल बॉडी आणि हेड यांमधला रबरी बूट तडकलाय का, आधीच्या मालकाने मोकळा सायलेन्सर किंवा वेगळा एअर फिल्टर लावून नकाशा तसाच ठेवलाय का, आणि फ्युएल पंपाचा दाब मॅन्युअलमधल्या आकड्याएवढा भरतो का. सात वर्षांच्या टाकीतला गाळ आणि गंज इथेनॉल सोडवतं, आणि तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. मग सपाटीला पेट्रोल पुरतं आणि घाटात, नेमकं जास्त लागतं तेव्हा, कमी पडतं.

पाचवं, पेट्रोलच. आवाज नेहमी परतीलाच येतो. त्या बाजूला चढ आहे हे खरं, पण परतीचं पेट्रोल तुम्ही नेहमी एकाच पंपावर भरता का? रॉकेलचा ऑक्टेन फारच कमी असतो, त्यामुळे थोडीशी भेसळही नॉकिंगला पुरते. ग्राहकाने मागितला तर पंपाने फिल्टर पेपर द्यावा लागतो. नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाका, दोन मिनिटांत उडून जायला हवा. गडद डाग राहिला तर संशय घ्या. नुसती गुलाबी छटा ठीक. घनताही विचारता येते: त्या दिवशीची १५ अंशांवरची घनता टँकरबरोबर आलेल्या आकड्याशी घनमीटरमागे ३ किलोपर्यंतच्या फरकाने जुळली पाहिजे. सौजन्याने विचारा, पण विचारा. पावसाळ्यात आणखी एक काळजी. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल-पाणी तळाला वेगळं होऊन बसतं. वर उरतं ते ऑक्टेन हरवलेलं पेट्रोल. जूनपासून गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल, तर टाकी काठोकाठ भरून ठेवा आणि झाकणाचं रबर तपासा.

मेकॅनिकने सुचवलेल्या बाटलीबद्दल. तिच्यावर "३० पॉइंट" असं लिहिलेलं असेल, तर ते ऑक्टेनचे ३० नव्हेत. १० पॉइंट म्हणजे १ ऑक्टेन, त्यामुळे वाढ जास्तीत जास्त ३ ची. त्यातल्या अनेकांत मँगनीज किंवा लोखंडाची संयुगं असतात. त्यांचा लालसर थर प्लगवर चढतो, ऑक्सिजन सेन्सरवर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवरही. प्लग विटकरी दिसू लागला की तो बदलायचा, सेन्सर गेला की तोही. तुमच्या गाडीत मी ती टाकणार नाही.

पैशांचाही विचार करा. वर्षाला १२,००० किलोमीटर आणि लिटरला २८ चं ॲव्हरेज धरलं, तर सुमारे ४३० लिटर होतात. शंभरचं पेट्रोल साध्यापेक्षा लिटरमागे ५५ रुपये महाग धरलं, तरी वर्षाला साडेतेवीस हजारांच्या वर जातात. त्यात प्लग, शीतक, डीकार्बन, फ्युएल फिल्टर, ऑइल, सगळं होऊन बरेच पैसे उरतील. ९५चा बोर्ड लावलेलं महाग पेट्रोल भरण्याआधीही एक प्रश्न विचारा: साधं ई-२० च ९५ च्या जवळ असेल, तर या ज्यादा पैशात मला नक्की काय मिळतंय? डिटर्जंट, म्हणजे आतला मळ साफ ठेवणारं रसायन, मिळत असेल, तर ते चांगलंच. पण नॉकिंगसाठी फरक दिसायला हवा असेल, तर ९७ च्या वर जावं लागेल. नावावर जाऊ नका. 'स्पीड', 'पॉवर' अशा नावांनी अनेक वर्षं साध्याच ऑक्टेनचं, डिटर्जंट घातलेलं पेट्रोल विकलं गेलं. पंपावर लिहिलेला आकडा पाहा.

दुरुस्ती होईपर्यंत घाटाची खेप टळत नसेल, तर अर्धी टाकी शंभर आणि अर्धी साधं असं मिसळा. ऑक्टेन जवळपास प्रमाणात मिसळतो. ५ लिटर १०० आणि ५ लिटर ९५ मिळून साडेसत्त्याण्णव. नॉकिंग दाबायला एवढंही पुरण्याची शक्यता आहे आणि ज्यादा खर्च निम्मा. हा तात्पुरता उपाय, महिन्या-दोन महिन्यांचा.

इंजिन खराब झालं का, या प्रश्नाला वाट पाहायला नको होती, पण ती चिंता आता थोडी कमी झाली असेल. घाटात मधूनमधून, रेस सोडताच थांबणारं हलकं नॉकिंग काही आठवड्यांत इंजिन संपवत नाही. पूर्ण रेसवर, खणखणीत आवाजात, मैलोन्मैल चाललेलं नॉकिंग पिस्टनची रिंग-खाच फोडतं आणि कडा खाऊन टाकतं. प्लगवर रुपेरी ठिपके नाहीत, धूर नाही, ऑइल कमी होत नाही आणि कॉम्प्रेशन गेजचा आकडा मॅन्युअलच्या मर्यादेत आहे, तर तुमचं इंजिन शाबूत आहे. आकडा मर्यादेपेक्षा वर निघाला, तर तो खूश होण्याचा नव्हे, कार्बनचा पुरावा.

गॅस्केटचा विचार मात्र सोडून द्या, कळकळीने सांगतो. ८९ मिलिमीटरच्या बोअरवर गॅस्केट फक्त ०.२ मिलिमीटर पातळ केलं, तर वरच्या जागेतून सव्वा सीसी जातो आणि कॉम्प्रेशन १२.४ होतं. ते नव्या, स्वच्छ इंजिनावर. तुमच्यात कार्बन असेल तर १२.८ वर जाईल. शिवाय व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर कमी होतं, व्हॉल्व्हचं टायमिंग बिघडतं, आणि मग गाडी जन्मभर शंभरच्या पंपाला बांधली जाते. कुंभार्लीत तो पंप नाही.

याच प्रश्नावर अडलेल्या इतरांसाठी थोडक्यात. झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये "किमान ९५" असेल, तर ते पाळा. टर्बो कार आणि मोठ्या परदेशी बाइक त्यात येतात. "किमान ९१, शिफारस ९५" असेल आणि नॉक सेन्सर असेल, तर ९१ ने नुकसान होणार नाही, सेन्सर टायमिंग मागे घेईल, पण उन्हाळ्यात पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही किंचित पडतील. लडाखला निघालेल्यांनी शंभरची चिंता करू नये. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब जेमतेम निम्मा. सिलिंडरमध्ये मिश्रणच कमी भरतं आणि नॉकिंगचा धोका घटतो. विदर्भातल्या मेमध्ये, पिलियन घेऊन, ४५ अंशांत गाडी चालवणाऱ्याला ती चिंता जास्त हवी.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. या आठवड्यात प्लग काढून पाहणं, बोअरस्कोप, रेडिएटर धुणं. पुढच्या खेपेला तोच घाट, तेवढंच सामान, दुपारचीच वेळ, टाकीत साधं ई-२० आणि फक्त एक बदल: गिअर एक खाली. आवाज गेला तर गाडीचं काम तिथेच अर्धं झालं. राहिला तर डीकार्बन आणि ऑइल, मग पुन्हा तोच घाट. तरीही राहिला तर फ्युएल पंपाचा दाब आणि रबरी बूट. एका वेळी एकच बदला आणि मोबाइलमध्ये तारीख, पंप, गिअर आणि आवाज आला त्या वेळच्या फेऱ्या लिहून ठेवा. मेकॅनिकला तेवढा कागद दाखवलात, तर तो बाटलीऐवजी पाना हातात घेईल.